नजर कशी घडते?

आषाढ सरत आला आहे. शहरात वाढलेला भाचा चार दिवसांसाठी गावी आला आहे आणि तुम्ही त्याला शेत दाखवायला घेऊन निघाला आहात. बांधावर उभा राहून तो म्हणतो, "मामा, काय हिरवंगार आहे हो सगळं!"

त्याला दिसते ते एवढेच, हिरवे. त्याच घटकेला तुम्हाला काय काय दिसते ते पाहा. वरच्या तुकड्यातली कपाशी काळसर हिरवी आहे, खालच्या अंगाची पिवळट पडली आहे. म्हणजे तिथे पाणी साचले. तुरीच्या ओळीत मध्येच नांग्या पडल्या आहेत. धुऱ्याकडचे दोन तास कुणाच्या तरी ढोराने खुडले आहेत. हे सगळे तुम्ही काही शोधायला गेला नव्हता. नजर टाकली आणि दिसले.

डोळे भाच्यालाही दोन आणि तुम्हालाही दोनच. उलट त्याचे डोळे तरणे आहेत, तुम्हाला तर सातबारा वाचायला चष्मा लागतो. मग जे तुम्हाला दिसले ते त्याला का दिसले नाही?

आता उलट पाहा. दिवाळीत तुम्ही त्याच्याकडे मुंबईला जाता. लोकलच्या स्थानकावर तुम्हाला दिसते ती नुसती गर्दी. तो मात्र वर लटकवलेल्या पाटीकडे एकदाच पाहतो, गर्दी कोणीकडे सरकते आहे ते हेरतो आणि म्हणतो, "मामा, इथं उभे राहा. डबा बरोबर इथंच येतो." तिथे तुमचे अनुभवी डोळे काही कामाचे नसतात.

आपण सहज म्हणतो, डोळ्यांनी दिसते, कानांनी ऐकू येते, नाकाला वास येतो. ते खरे आहे, पण अर्धेच. डोळा उजेड आत घेतो. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जे चित्र उमटते ते तर चक्क उलटे असते. त्या चित्राचा अर्थ मेंदू लावतो, आणि अर्थ लावताना तो आजवर जे पाहिले, ऐकले, ज्या घरात आणि ज्या गावात वाढला, त्या सगळ्या शिदोरीचा उपयोग करतो. 'दृष्टी तशी सृष्टी' असे जुनी माणसे म्हणत आली. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत जगभरच्या शास्त्रज्ञांनी हीच गोष्ट तपासून पाहिली. त्यांना जे आढळले ते तुमच्या-आमच्या घराशी, पाळण्यातल्या लेकराशी आणि शेतातल्या पिकाशी थेट संबंध असलेले आहे. म्हणून ते सविस्तर सांगतो.

अंगणातला एक प्रयोग

आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवा आणि अंगणात राखेने किंवा खडूने दोन आडव्या रेघा ओढा. काडीने मोजून दोन्ही अगदी सारख्या ठेवा. पहिल्या रेघेच्या दोन्ही टोकांना बाणाच्या अणीसारखे तिरपे फाटे आतल्या बाजूला वळवून काढा. दुसऱ्या रेघेला बेचकीसारखे फाटे बाहेरच्या बाजूला उघडे काढा. आता घरातल्या प्रत्येकाला विचारा, लांब रेघ कोणती?

बहुतेक जण बेचकीवाल्या रेघेकडे बोट दाखवतील. मग काडी लावून दाखवा, दोन्ही सारख्याच. गंमत अशी, की मोजून झाल्यावरही ती रेघ लांबच दिसत राहते! फ्रांझ म्युलर-लायर या जर्मन माणसाने हा चकवा १८८९ साली लोकांपुढे मांडला.

पुढे १८९८ साली केंब्रिज विद्यापीठाची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तीत रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या बेटवासीयांना असलेच चकवे दाखवले. त्या काळी युरोपातल्या लोकांना वाटे, ही 'रानटी' माणसे आपल्यापेक्षा जास्त फसतील. घडले उलटेच. या रेघांच्या बाबतीत बेटावरची माणसे इंग्रजांपेक्षा कमी फसली. मग १९०१-०२ मध्ये रिव्हर्स आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरात आले आणि म्हशी पाळणाऱ्या तोडा लोकांना त्यांनी तेच विचारले. तोडाही इंग्रजांपेक्षा कमीच फसले. मात्र दुसरा एक चकवा आहे, त्यात उभी आणि आडवी रेघ सारखी असूनही उभी लांब वाटते. त्यात बेटवासी आणि तोडा इंग्रजांपेक्षा जास्त फसले. म्हणजे कोणी हुशार आणि कोणी मठ्ठ असा हा मामला नव्हता. ज्याची त्याची नजर वेगळी होती.

असे का? सीगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स या तीन अमेरिकन संशोधकांनी आफ्रिकेतल्या आणि इतर ठिकाणच्या अनेक समाजांत हेच प्रयोग करून १९६६ साली मोठे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की शहरातला माणूस जन्मापासून चौकोनी खोल्या, काटकोनी भिंती, टेबले-कपाटे यांत वाढतो. कोपरे पाहून अंतर ओळखायची त्याच्या मेंदूला सवय लागते, आणि तीच सवय कागदावरच्या फाट्यांना पाहून त्याला फसवते. गोल झोपड्यांत आणि उघड्या माळावर वाढलेल्या माणसाला ती सवयच नसते.

हे उत्तर पुष्कळ वर्षे सर्वांना पटले. पण तेच शेवटचे उत्तर नाही. २०१५ साली आपल्याच देशातल्या काही मुलांमुळे त्याला धक्का बसला. ती हकिकत पुढे सांगतो, कारण या लेखातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

म्हशी की किडे?

याच विषयातली एक जुनी हकिकत फार प्रसिद्ध आहे. कॉलिन टर्नबुल नावाचे अभ्यासक आफ्रिकेतल्या काँगो देशात, इतुरीच्या घनदाट जंगलात, बुटक्या बांध्याच्या म्बुटी लोकांबरोबर राहिले होते. १९६१ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. केंगे नावाचा एक म्बुटी तरुण त्यांचा सोबती होता. त्याचा सारा जन्म जंगलात गेलेला. तिथे झाडीमुळे पन्नास-शंभर पावलांपलीकडचे दिसतच नाही.

एकदा टर्नबुल त्याला घेऊन जंगलाबाहेर मोकळ्या माळावर गेले. काही मैलांवर रानम्हशींचा कळप चरत होता. केंगेने तिकडे पाहून विचारले, "हे किडे कोणते?" त्या म्हशी आहेत म्हटल्यावर तो हसू लागला. मोटारीतून जवळजवळ जाऊ लागले तसतशा त्या मोठ्या दिसू लागल्या, तेव्हा तो घाबरला. ही काहीतरी करणी आहे असे त्याला वाटले.

ही एका माणसाची हकिकत आहे, मोजून-मापून केलेला प्रयोग नव्हे. तरी तिच्यातून एक गोष्ट नीट कळते. दूरची वस्तू लहान दिसते, पण ती लहान नसते, हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की ते कधी शिकलो हेही आठवत नाही. केंगेला ते शिकायची वेळच आली नव्हती. म्हणून त्याला हसायचे कारण नाही. त्याच्या जंगलात आपण गेलो असतो तर पाल्याखालचा साप आपल्याला दिसला नसता आणि त्याला दिसला असता.

पाळण्यातले कान

डोळ्यांचे झाले, आता कानांचे पाहा. 'ताट' आणि 'टाट' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. त आणि ट यांत किती फरक आहे! तुमच्या चार वर्षांच्या नातीलाही तो कळतो. पण इंग्रजीत वाढलेल्या साहेबाला हे दोन आवाज वेगळे ऐकूच येत नाहीत. तो कानाने बहिरा नसतो. त्याच्या भाषेला त्या फरकाची गरज नसते, एवढेच.

जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोन संशोधकांनी कॅनडात तान्ह्या बाळांवर एक सुंदर प्रयोग केला आणि १९८४ साली तो प्रसिद्ध केला. बाळाला एकच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवायचा. आवाज बदलला की बाजूला एक खेळणे हलते. बाळाला बदल कळला तर ते खेळण्याकडे मान वळवते. त्यांनी हिंदीतला त आणि ट इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो फरक बरोबर कळला. पण दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत तो ओळखणारी फारच थोडी उरली. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या वर्षाच्या आतल्या बाळांना मात्र तो तसाच ओळखता येत होता.

म्हणजे काय झाले? बाळ जन्मते तेव्हा जगातल्या कुठल्याही भाषेसाठी त्याचे कान उघडे असतात. आई-आजी त्याच्याशी बोलू लागतात तसे त्याचे मन ठरवते, की आपल्या घरात हे आवाज लागतात, ते ठेवू. ते लागत नाहीत, ते सोडून देऊ. पहिला वाढदिवस येईपर्यंत ही निवड बरीचशी झालेली असते.

आपलेही तसेच आहे. उत्तरेकडचा माणूस 'टिळक' न म्हणता 'तिलक' म्हणतो, कारण त्याच्या कानाला ळ ओळखीचा नाही. आपण त्याला हसतो. पण तमिळ भाषेत ळ सारखे वाटणारे दोन निराळे आवाज आहेत, आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. तिथला माणूस आपल्याला हसत असेल!

यातून घरच्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाळाला अजून काही कळत नाही म्हणून त्याच्याशी बोलायचे नाही, हे चुकीचे आहे. पाळण्यातल्या लेकराशी बोला, ओव्या म्हणा, गोष्टी सांगा. त्याच्या कानांची घडण त्याच महिन्यांत चाललेली असते. आणि ते काम आजीच्या बोलण्याने होते.

सासूबाईंचे नाक, सूनबाईंचे नाक

कोकणातली मुलगी घाटावर सून म्हणून येते. माहेराहून येताना सुकट-बोंबील बांधून आणते. चुलीवर बोंबील भाजला की तिच्या तोंडाला पाणी सुटते आणि सासूबाई नाकाला पदर लावतात. तीच सून पहिल्यांदा गोठ्याशी गेली तेव्हा तिला मळमळले होते, आणि सासूबाईंना त्या वासात घराची भरभराट जाणवत होती. वास तोच. नाक शिकलेले निरनिराळे.

वासाच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. खमंग, खरपूस, कुबट, खवट, करपट, आंबूस, उग्र, ओशट. घमघमाट निराळा आणि दरवळ निराळा. मलेशियाच्या जंगलात जाहाई नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेतही वासांना असेच स्वतंत्र शब्द आहेत. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले, की जाहाई लोक वासाचे नाव जितक्या सहज सांगतात तितक्याच सहज रंगाचे सांगतात. इंग्रजी बोलणाऱ्यांना रंग पटकन सांगता आले, वास सांगताना मात्र ते अडखळले.

कणगीत हात घालून जोंधळ्याला कुबट वास लागला हे आजी ओळखते, तेव्हा ती धान्य वाचवते. नातवंडांना त्या वेळी हाक मारून तो वास घ्यायला लावा आणि त्याला काय म्हणतात तेही सांगा. शब्द गेला की वास ओळखणे अवघड होते.

पूर्वेचा पाय, पश्चिमेचा हात

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँडमध्ये गुगू यिमिथिर नावाची भाषा बोलणारे आदिवासी आहेत. 'कांगारू' हा शब्द जगाला त्यांच्याच भाषेने दिला. १७७० साली कॅप्टन कुकच्या माणसांनी तो तिथे ऐकला. या भाषेत आपल्यासारखे डावे-उजवे वापरत नाहीत. सगळे दिशांवर. तुमच्या पायावर मुंगी चढली तर ते सांगतील, तुमच्या दक्षिणेकडच्या पायावर मुंगी आहे! तुम्ही वळून उभे राहिलात की तोच पाय उत्तरेचा होतो.

असे बोलायचे तर प्रत्येक क्षणी दिशा ठाऊक हवी, घरात, अंधारात, परगावीसुद्धा. हॅविलँड आणि लेव्हिन्सन या अभ्यासकांनी त्यांच्यात राहून पाहिले, की त्यांना ती खरोखरच ठाऊक असते. लहानपणापासूनच्या बोलण्याने त्यांच्या मनात जणू होकायंत्र बसवलेले असते.

आपल्या खेड्यांत हे थोडेफार आहेच. 'उगवतीची विहीर', 'मावळतीकडचा आंबा', 'वरल्या अंगाचे शेत' असे आपण बोलतो. खरेदीखतातली चतु:सीमा तर दिशांवरच लिहिलेली असते: पूर्वेस अमुक, दक्षिणेस तमुक. वाराणसी आणि तिथल्या खेड्यांतल्या मुलांचा रमेशचंद्र मिश्र आणि पियर दासेन यांनी अभ्यास केला, तेव्हा तिथेही वस्तूंची जागा दिशांवरून सांगणारी मुले त्यांना पुष्कळ भेटली. तुमची मुले आता मोबाईलवर 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' ऐकतात. ते सोयीचे आहे. पण शेताची चतु:सीमा त्यांना बांधावर नेऊन दिशांनी दाखवून ठेवा. उद्या मोजणीच्या वेळी ती नजर त्यांना कामाला येईल.

समुद्र मागे हटला तेव्हा

अंदमान समुद्रातल्या बेटांवर, थायलंड आणि म्यानमारच्या किनाऱ्याला, मोकेन नावाचे दर्यावर्दी लोक आहेत. त्यांची मुले दिवसभर पाण्यात बुडी मारून शिंपले वेचतात. आपण पाण्याखाली डोळे उघडले तर सगळे अंधुक दिसते. पण स्वीडनच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी तपासले तेव्हा मोकेन मुलांना पाण्याखाली युरोपातल्या मुलांच्या दुपटीहून चांगले दिसत होते. हे २००३ साली प्रसिद्ध झाले. ती मुले पाण्याखाली डोळ्याची बाहुली बारीक करतात आणि नजर ताणून धरतात. मग हा रक्ताचा गुण म्हणायचा का? तर नाही. त्याच संशोधकांनी पुढे युरोपातल्या मुलांना सराव दिला, तेव्हा त्यांनाही पाण्याखाली तितकेच दिसू लागले.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. लाट येण्यापूर्वी समुद्र एकाएकी मागे हटला. अनेक किनाऱ्यांवर लोक ते नवल पाहायला, उघडे पडलेले मासे गोळा करायला पुढे गेले आणि लाटेत सापडले. थायलंडच्या सुरिन बेटांवरच्या मोकेन म्हाताऱ्यांनी तेच दृश्य पाहिले. त्यांच्या पूर्वजांनी सांगून ठेवले होते, की समुद्र असा मागे गेला की सात लाटांचा राक्षस येतो. ते सगळ्यांना घेऊन उंचावर पळाले आणि गाव वाचले.

समुद्र दोघांनाही दिसला. एकाला नवल दिसले आणि दुसऱ्याला मरण. मधला फरक आजोबांच्या गोष्टीचा होता.

अंधारातून आलेली मुले

आता सुरुवातीला राखून ठेवलेली हकिकत.

१६८८ साली आयर्लंडमधल्या विल्यम मॉलिन्यू या विद्वानाने जॉन लॉक या तत्त्वज्ञाला पत्र लिहून एक कोडे घातले. मॉलिन्यू यांची पत्नी दृष्टी गमावलेली होती, म्हणून हा प्रश्न त्यांच्या घरचाच होता. कोडे असे: जन्मापासून आंधळ्या माणसाला हाताने चाचपून गोळा आणि चौकोनी ठोकळा ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता नुसते पाहून त्याला गोळा कोणता, ठोकळा कोणता हे सांगता येईल का?

सव्वातीनशे वर्षे विद्वान वाद घालत राहिले. उत्तर मिळाले ते दिल्लीत. अमेरिकेत संशोधन करणारे आपले प्रा. पवन सिन्हा यांनी 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केले. खेड्यापाड्यांतली जन्मतः मोतीबिंदू असलेली गरीब घरची मुले शोधून त्यांच्यावर फुकट शस्त्रक्रिया करायची, आणि मग त्यांची दृष्टी कशी विकसित होते ते पाहायचे. आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांची हकिकत २०११ साली प्रसिद्ध झाली. पट्टी सुटल्यावर त्यांना वस्तू दिसत होत्या, पण हाताने चाचपलेली वस्तू यांतली कोणती हे पाहून सांगता येत नव्हते. डोळा उघडला होता, नजर अजून यायची होती. आनंदाची गोष्ट अशी, की थोड्याच दिवसांत ती मुले ते शिकली.

याच प्रकल्पातल्या काही मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच आपल्या त्या बाणाच्या आणि बेचकीच्या रेघा दाखवल्या. कोपरे-भिंती पाहण्याचा त्यांना काहीच अनुभव नव्हता, तरी ती फसली! २०१५ साली हे प्रसिद्ध झाले. त्यामुळे तो चकवा निव्वळ घरांच्या कोपऱ्यांमुळे होतो हे म्हणणे आता डळमळीत झाले आहे. काही गोष्टी मेंदू जन्मतः घेऊन येतो, काही अनुभवाने शिकतो, आणि दोन्हींची वीण कशी पडते याचा शोध अजून चालू आहे.

पण आई-बापांना यातून जो धडा घ्यायचा तो पक्का आहे. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा पहिले काही महिने झाकून ठेवला. नंतर तो उघडला तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदू त्याचे ऐकत नव्हता. या कामासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या लेकराचेही तसेच आहे. बघायला शिकायचे एक वय असते.

म्हणून बाळाच्या डोळ्याच्या काळ्या बाहुलीत पांढुरका ठिपका किंवा चमक दिसली तर 'मोठा झाला की जाईल' म्हणून थांबू नका. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो आणि त्याची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तर नजर उत्तम घडते. क्वचित ती डोळ्यातली गाठही असते, मग तर जिवाशी गाठ. तिरळेपणाला 'लक्ष्मीचा डोळा' म्हणून कौतुक करत बसू नका. घरच्या घरी एवढे पाहा: खेळता खेळता मुलाचा एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर काही नाही, पण दुसरा झाकला की मूल रडते, हात झटकते, असे होत असेल तर उघड्या राहिलेल्या डोळ्याला कमी दिसते आहे. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी या साध्या उपायांनी असा आळसावलेला डोळा सुधारतो, पण सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाले तर गुण चांगला येतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत आणि शाळेत मुलांच्या तपासणीला येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि उशीर झाला असेल तरी निराश होऊ नका. त्या दिल्लीच्या मुलांना सतराव्या वर्षीही पुष्कळ मिळाले.

वर्गात फळ्यावरचे चुकवणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरवण्याआधी एकदा त्याचे डोळे तपासा, एवढेही पुष्कळ झाले.

अनुभवही डोळ्यांवर पट्टी बांधतो

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, म्हणजे अनुभवी माणसाची नजरच खरी. थांबा. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण अनुभवी माणसालाही लागू आहे.

२००२ साली बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. पहिली काही वर्षे बोंडअळीसाठीच्या फवारण्या कमी झाल्या. हंगामामागून हंगाम गेले आणि 'बीटीला बोंडअळी लागत नाही' हे आपल्या मनात पक्के झाले. मग २०१७ च्या खरिपात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. अळी अचानक आकाशातून पडली नव्हती. ती बारीक असतानाच बोंडात शिरते, शिरलेले छिद्र बुजून जाते आणि वरून बोंड टवटवीत दिसते. पण न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, शेतात दिसत असतात. त्या दिसूनही अनेकांना दिसल्या नाहीत, कारण गेल्या दहा-बारा वर्षांच्या अनुभवाने नजरेला सांगून ठेवले होते, की तिथे पाहायचे काही नाही.

तीच गत कपाशीच्या लाल्याची. पान लाल पडले की 'रोग आला' म्हणून आपण बुरशीनाशक मारतो. मॅग्नेशियमची किंवा नत्राची उणीव, तुडतुड्यांचा त्रास, रात्रीचा गारठा, यांतले काही असेल हे सुचत नाही. रोग पाहायची सवय लागलेल्या डोळ्याला रोगच दिसतो.

यावर उपाय अंगणातल्या त्या रेघांनी आधीच दाखवला आहे. डोळा फसतो तिथे काडी लावून मोजायचे. कपाशीत कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले तर सावध व्हा. शेतात फिरून कुठलीही वीस हिरवी बोंडे तोडा आणि फोडून पाहा. दोन बोंडांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली असे समजून कृषी सहायकाचा सल्ला घ्या. बोंड वरून कितीही चांगले दिसो.

आणि दुसरा उपाय याहून सोपा आहे: परक्या डोळ्याला विचारा. बांधावर उभा राहून 'हिरवंगार' म्हणणाऱ्या त्या भाच्याला हसण्याऐवजी शेतात फिरवा. एखादे वेळी तोच विचारील, "मामा, ही फुलं उमलली का नाहीत हो?" तुमच्या नजरेला जे सवयीने दिसेनासे झाले, ते त्याच्या कोऱ्या नजरेला दिसेल. सूनबाई म्हणाल्या, "आमच्याकडे असं नाही करत," तर लगेच कपाळाला आठी घालू नका. तिने दुसऱ्या गावची नजर हुंड्याशिवाय घरी आणली आहे. ती वापरून पाहा.

तुमची नजर आई-आजीने, गावाने आणि मातीने घडवली. ती तुम्ही मुलांच्या हाती द्या, धान्याचा वास, बांधाची दिशा, आभाळाचा रंग, सगळे नाव घेऊन दाखवा. मात्र त्याच वेळी काडी लावून मोजायची सवयही द्या. म्हणजे उद्या त्यांच्यापुढे समुद्र मागे हटला, तर पळायचे केव्हा हे त्यांना कळेल.